वडकेकाका आणि पाद्रीबुवांची पाटी

वडकेकाकांबरोबर कुठे वेळेवर पोचायचं असेल, तर रस्त्यात त्यांना नाव दिसता कामा नये. कुणाचंही नाव. धातूत किंवा दगडात कोरलेलं असलं की झालं. गटाराच्या झाकणावर ते ओतणाऱ्या कारखान्याचं नाव, बागेतल्या बाकावर तो बाक देणाऱ्याचं नाव, लिफ्टच्या उंबऱ्यावर लिफ्टवाल्याचं नाव. काका थांबतात, चष्मा कपाळावर सरकवतात, वाकतात आणि उजव्या हाताचं बोट अक्षरांवरून सावकाश फिरवत मोठ्यांदा वाचतात. एकदा जर्मनीतल्या आमच्या सिंडेलफिंगेनच्या चौकात ऐन बाजाराच्या दिवशी ते असे झाकणापाशी उकिडवे बसले, तेव्हा दोन बायकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आजोबांना चक्कर आलीय का, अँब्युलन्स बोलावू का? मी नको म्हणेपर्यंत खालून आवाज आला, "मेघना, या 'आर'ची शेपटी बघ. साचा करणारा डावखुरा होता."

"अहो काका, बस जाईल!"

"जाऊ दे. दुसरी येते. नाव घातलेलं वाचायचं असतं. कुणीतरी वाचावं म्हणूनच घातलेलं असतं. गेनाऊ!"

हे 'गेनाऊ' त्यांचं स्वतःलाच असतं. जर्मन माणूस समोरच्याचं पटलं की 'गेनाऊ' म्हणतो. काकांना बहुतेक वेळा स्वतःचंच पटतं.

प्रभाकर वडके आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मी आणि माझा नवरा अभय इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आलो, त्याच्या पस्तीसेक वर्षं आधी ते त्याच कारखान्यात आले होते आणि गाड्यांच्या दरवाजांचा पत्रा तपासून तपासून नुकतेच रिटायर झाले होते. एकटे होते. लग्न का केलं नाही असं विचारलं की म्हणायचे, "जमलं नाही. आल्झो, पुढे बोल." 'आल्झो' म्हणजे 'तर मग'. तर मग पुढे काय बोलणार, कपाळ!

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ते भेटायला आले. 'या, बसा' झालं, मी चिवडा दिला. त्यांनी चिवडा एका घासात संपवला, ताटली उचलली, पालथी केली आणि वाचलं, "चि. सौ. कां. मेघना हिच्या विवाहाप्रीत्यर्थ, बेबीआत्या." मग माझ्याकडे बघून दुःखानं मान हलवली. "मशीननं घातलंय. घर्रर्र केलं की झालं. आत्या चांगली असेल, पण नावाला जीव नाही." मी चिवड्याबद्दल ऐकायला उभी होते.

हा सगळा वारसा नाशिकचा. भांडीबाजाराच्या टोकाला त्यांच्या वडिलांचं, दादांचं, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. दारावर पाटी होती, 'नावे घालून मिळतील'. दादा छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन ठोक्या-ठोक्यानं नाव घालत, तेही भांड्याच्या बुडाला, म्हणजे घासणाऱ्याला रोज दिसावं. त्यांचा एक नियम होता. नाव, गाव, निमित्त, बास. कुणी 'सप्रेम' नाहीतर 'आशीर्वादपूर्वक' घाला म्हणालं की दादा मान वर न करता म्हणत, "ते तोंडानं सांगा. बुडाला जागा नसते." लहानपणी काका शेजारी बसून चिठ्ठीवरची नावं बोट फिरवत वाचून दाखवत आणि दादा तेवढीच ठोकत. त्या बोटाची सवय तिथली.

दादांच्या मनात मुलानं दुकानात बसावं असं होतं. मुलाच्या मनात जर्मनी होती. एके दिवशी घरात जे व्हायचं ते झालं, आणि त्यानंतर महिनाभर बापलेक बोलले नाहीत. निघायच्या दिवशी सकाळी दादांनी कागदात गुंडाळलेला एक तांब्या बॅगेवर ठेवला आणि दुकानात निघून गेले. पोचवायला आले नाहीत. ही हकिगत काकांनी मला एका रविवारी, जिन्यात केर काढता काढता सांगितली.

"वीस किलोचं वजन, मेघना. बॅगेत पुस्तकं होती. मीही रागात होतो. तांब्या ओट्यावर ठेवला आणि निघालो. कागदही सोडला नाही."

"मग नंतर?"

"नंतर काय? तिसऱ्या वर्षी दादा गेले. मला पोचायला दहा दिवस लागले."

"तांब्यावर काय घातलं होतं?"

काकांनी सुपलीतला केर पुन्हा जमिनीवर ओतला आणि पुन्हा गोळा केला. "तेच तर. दादांनी घरातल्या माणसाला कोरं भांडं कधी दिलं नाही. पण माझ्यावर रागावले होते ना."

"तुमच्या बहिणीकडे असेल की. अक्कांना विचारा."

"विचारीन की," ते म्हणाले. "आणि कोरा निघाला तर?" एवढं बोलून ते वरच्या मजल्याचा केर काढायला गेले. वरच्या मजल्याचा केर सकाळीच काढून झाला होता.

आता पाटीकडे येते. आमच्या गावापासून बसनं वीस मिनिटांवर एक खेडं आहे, आणि तिथल्या चर्चच्या भिंतीवर ब्राँझची एक पाटी आहे. काकांनी ती कित्येक वर्षांपूर्वी शोधून काढली होती. त्यांनी केलेलं भाषांतर असं: 'या गावी जन्मलेले योहान मार्टिन हाइमरले, वसाहतींच्या काळात समुद्रापलीकडे पेन्सिल्वेनियात धर्मोपदेशक आणि तिथल्या गावकऱ्यांच्या फौजेचे पाद्री. ते परत आले नाहीत.' या हाइमरलेला काका 'आमचे पाद्रीबुवा' म्हणत, आणि त्याच्याबद्दल असं बोलत की दोघं एका वर्गात होते असं वाटावं.

"फौज म्हणजे काय गं, शेतकरीच सगळे. सकाळी नांगर, दुपारी कवायत. निम्म्यांना बंदूक कुठल्या टोकाला धरायची ते ठाऊक नाही. आणि पाद्रीबुवांनी त्यांच्यापुढे उभं राहून सांगायचं, घाबरू नका, देव तुमच्या पाठीशी आहे. पाठीशी उभं राहायला देवही कचरला असेल."

श्वाबेनमध्ये, म्हणजे जर्मनीच्या आमच्या या भागात, शनिवार हा झाडलोटीचा वार. प्रत्येक बिल्डिंगमध्ये केअरवोख असते, म्हणजे आठवड्याच्या पाळीनं जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. आम्ही नवीन लोक पाळी आली की तोंड वाकडं करायचो. काका मात्र आपली पाळी मन लावून करत, अभयचीही करत, आणि मग फडकं घेऊन बसनं पाद्रीबुवांकडे जात. पाटी कोरड्या फडक्यानं पुसायची, बोट फिरवून एकदा वाचायची, बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायचा, घरी यायचं. ते पाटीशी काय बोलतात ते मी कधी विचारलं नाही. बोलत असणार.

गडबड झाली ती फुटबॉलचा वर्ल्ड कप इथे झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी. पाद्रीबुवांच्या तिकडच्या चर्चमधली माणसं अमेरिकेहून ही पाटी बघायला येणार असं ठरलं. गावाच्या इतिहास मंडळानं समारंभ ठरवला, बँड ठरवला, पत्रकं वाटली. पत्रक वाचून वडकेकाका खाली आमच्याकडे आले ते थेट स्वयंपाकघरात.

"मेघना, चिंच किती आहे?"

"अर्धा किलो असेल. का हो?"

"सगळी दे. मीठ पण दे."

मला वाटलं काका सार करणार. मी चिंच दिली, मीठ दिलं, वर गूळ हवा का म्हणून विचारलं. माझा या प्रकरणातला सहभाग एवढाच, पण पुढे तो पुरेसा ठरला.

पाहुणे यायच्या आधी भांडी घासायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. काकांच्या मते पाटी काळी पडली होती, आणि काळ्या पाटीपुढे पाहुण्यांना उभं करणं म्हणजे गावाची लाज. शनिवारी सकाळी त्यांनी बादलीत चिंच कोळली, कुणाच्या तरी बागेतल्या शेगडीतली राख मागून घेतली, आणि भर उन्हात तीन तास पाटी घासली. दुपारी मला फोन करून म्हणाले, "ये बघायला. लक्ष्मीपूजनाला ठेव, अशी झालीय."

पाटी खरंच झळझळत होती. समोरच्या घरातल्या मांजरानं तिच्याकडे बघून डोळे मिटून घेतले, ते मी पाहिलं.

सोमवारी फोन आला. इतिहास मंडळाच्या अध्यक्ष, फ्राऊ श्टाइगर. शाळेत चाळीस वर्षं इतिहास शिकवून रिटायर झालेल्या, ताठ, उंच, आवाजात अजून तास घेण्याची धार. त्यांनी काकांना बोलावलं होतं आणि 'चिंच पुरवणाऱ्या बाईंना'ही. काकांनी कबुलीजबाबात माझं नाव दिलं होतं.

चर्चमागच्या छोट्या खोलीत आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. शाळेत ओणवं उभं केल्यावर जसं वाटायचं, तसंच वाटत होतं. फ्राऊ श्टाइगर उभ्या होत्या.

"हेर वडके, ब्राँझवर जो गडद थर येतो त्याला पाटिना म्हणतात. तो यायला कित्येक दशकं लागतात. तो आम्ही जपला होता. ती घाण नव्हती. तो इतिहास होता."

"फ्राऊ श्टाइगर," काका नम्रपणे म्हणाले, "इतिहास अक्षरांत आहे. वर होतं ते काळं."

"तुम्ही त्यावर भाजीत घालायचा पदार्थ चोळलात!"

"आमटीत," काका म्हणाले. "भाजीत कमी."

मी त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. फ्राऊ श्टाइगरनी शाईच्या पेनानं लिहिलेलं एक पत्र टेबलावर ठेवलं. यापुढे पाटीला हात लावायचा नाही. आणि समारंभाला आला नाहीत तर बरं होईल.

काकांचं बोट नुसतं गुडघ्यावर फिरत होतं. शनिवार त्यांच्याकडून काढून घेतला होता. मला फ्राऊ श्टाइगरचा राग आला, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

आम्ही उठलो. दाराशी खिडकीत एक जुनी तांब्याची सुरई होती, झाकण तुटलेली, बाहेरून काळीठिक्कर. तिच्यात कुणीतरी शेवंतीसारखी फुलं ठेवली होती. काका थांबले.

"काका, नको," मी मराठीत म्हणाले.

"हाताचे ठोके आहेत. हे जुनं आहे." मग जर्मनमध्ये, "फ्राऊ श्टाइगर, ही कुणाची?"

"कुणाची नाही. पूर्वीपासून इथेच आहे. फुलं ठेवतो."

"पालथी करून बघितलीत?"

"पालथी कशाला करायची?"

हा प्रश्न काकांना समजलाच नाही. भांडं हातात आलं की पालथं करून नाव बघायचं, हे न करता माणसं जगतात कशी, असा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी फुलं काढून माझ्या हातात दिली आणि सुरई उलटी केली. आत पाणी आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. ते पाणी टेबलावरच्या पत्रावर पडलं. 'हात लावायचा नाही' तेवढं आधी पुसलं गेलं.

फ्राऊ श्टाइगर ओरडायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात काका म्हणाले, "नाव आहे."

बुडाच्या कडेला आत, काजळी आणि क्षार यांच्या थराखाली, त्यांचं बोट थांबलं होतं. मला काही दिसत नव्हतं. फ्राऊ श्टाइगरनाही दिसत नव्हतं. चिंचेचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती. शेवटी त्यांनीच कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश आणला, आणि पाऊण तास आम्ही तिघं एका भांड्यावर वाकून बसलो. जुन्या वळणाची गॉथिक अक्षरं एकेक वर आली. ती काकांना वाचता येईनात. ती फ्राऊ श्टाइगरनी वाचली.

"माझ्या मार्टिनला, प्रवासासाठी. आई. हाइमरले."

मग फ्राऊ श्टाइगर इतिहासाच्या शिक्षिका झाल्या आणि म्हणाल्या की हे तपासावं लागेल, मार्टिन पुष्कळ असतात. पण त्या बोलता बोलता खुर्चीवर बसल्या होत्या, आणि ताठ बसल्या नव्हत्या. चर्चच्या वह्या तपासून झाल्यावर त्यांचा स्वतःचा फोन आला. हाइमरले घराण्यातला मार्टिन एकच.

समारंभ दणक्यात झाला. बँड वाजला. अमेरिकेहून आलेल्या एका आजींनी पाटीत बघून टोपी सरळ केली आणि म्हणाल्या, किती छान ठेवलीय हो तुम्ही ही! फ्राऊ श्टाइगरनी घसा खाकरला. काका सूट घालून पहिल्या रांगेत होते, कारण तिथे त्यांना फ्राऊ श्टाइगरनीच नेऊन बसवलं होतं. सुरई मखमलीवर ठेवली होती, बुडाखाली आरसा लावून, म्हणजे नाव सगळ्यांना दिसावं. ती आरशाची युक्ती काकांची.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत होते. आमचा थांबा जवळ आला तेव्हा म्हणाले, "त्यानंही नेली नाही."

मी समारंभाचं पत्रक दुमडून पर्समध्ये ठेवलं.

"जहाजात जागा नसेल. किंवा रागात असेल. त्यानं वाचली तरी असेल का गं?"

त्या डिसेंबरात मी सुट्टीवर घरी गेले. काकांना काही न सांगता नाशिकला अक्कांकडे गेले. अक्का काकांची मोठी बहीण, तोच चेहरा, वर अंबाडा. मी तांब्याचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अगो बाई, तो? दुकानाच्या सामानात माळ्यावर पडलाय पोत्यात. त्यानं कधी मागितला नाही, मी कधी काढला नाही." शेजाऱ्याला शिडी लावून चढवला. तांब्या खाली आला तो कोळशासारखा काळा. कागदाचे चार तुकडे अजून चिकटलेले होते. अक्का पालथा करून बघायला लागल्या, तर मी त्यांचा हात धरला. आधी काकांनीच वाचायचं, मी म्हणाले. अक्कांनी तांब्या तसाच जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळला आणि पदरानं नाक पुसलं.

वजनाचं गणित माझंही चुकलंच. आईनं दिलेले पापड आणि दीड किलो भाजणी मी बॅगेतून बाहेर काढली. आईला ते अजून माहीत नाही.

परत आल्यावर तांब्या घेऊन वर गेले. काकांनी पातळाचा तुकडा सोडला, तांब्या ओळखला आणि टेबलावर उभाच ठेवला. बुडाला हात लावला नाही.

"काळा पडलाय," ते म्हणाले.

"मग?"

"आधी चिंच."

आम्ही त्यांच्या सिंकपाशी उभे राहिलो. मी चिंच कोळली, त्यांनी चोळायला सुरुवात केली. आधी गळा, मग पोट. बुडाशी आले तेव्हा त्यांचा हात थांबला, आणि तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला. मी घासलं. इतकं जपून मी आयुष्यात काही घासलं नसेल. तांबडा रंग वर आला आणि त्याबरोबर ठोक्यांची बारीक रांग. मी म्हणाले, "काका, कोरा नाही."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. डोळे मिटले आणि बोट ठेवलं.

"चि. प्रभाकर यास," त्यांनी वाचलं. बोट पुढे गेलं. "परदेशगमनाप्रीत्यर्थ." बोट आणखी पुढे गेलं आणि अडलं. ते मागे आलं, परत गेलं. दादांना बुडाला जागा कमी पडली होती. शेवटचा शब्द दाटीवाटीनं, वळून, कडेला चढवला होता.

"सप्रेम," काका म्हणाले. "मेघना, बघ गं. सप्रेमच आहे ना?"

"सप्रेमच आहे काका."

"दादा घालत नसत," ते म्हणाले, आणि सिंकमध्ये नळ वाहत असताना ते लहान मुलासारखे रडले. मी नळ बंद केला नाही. थोड्या वेळानं ते डोळे पुसून म्हणाले, "'प्रे'चा ठोका जोरात बसलाय. हात हलला असणार." आणि मला चहा टाकायला सांगितलं.

तो तांब्या आता त्यांच्या दारातल्या कपाटावर पालथा असतो. पार्सल घेऊन येणारा, मीटर बघायला येणारा, चिमणी साफ करणारा, जो कुणी दारात येईल त्याला थांबवून काका त्याचं बोट त्या शेवटच्या शब्दावर ठेवतात आणि जर्मनमध्ये अर्थ सांगतात. आमच्या रस्त्यावरच्या पोस्टमनला मराठीतला एकच शब्द येतो, आणि तो तो रोज न चुकता मला ऐकवतो. फ्राऊ श्टाइगर प्लमचा केक घेऊन आल्या होत्या. त्यांनी बोट ठेवलं, ते बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाल्या, शनिवारी पाटी पुसायला या. फक्त कोरडं फडकं.

"गेनाऊ," काका म्हणाले. पहिल्यांदाच दुसऱ्याला.